सिम्युलेटरचा नकाशा लॅपटॉपवर हवा असेल, तर चित्र पाठवू नका, विमानाचा ठावठिकाणा पाठवा

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही अमळनेरला राहता, पुढच्या वर्षी जळगावला वैमानिक प्रशिक्षणासाठी प्रवेश घेणार आहात आणि तोवर सराव म्हणून घरच्या डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० चालवता. उड्डाणात नकाशा उघडला की काचेबाहेरचे निम्मे दृश्य झाकले जाते. म्हणून घरात पडून असलेला ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप दुसरी स्क्रीन म्हणून वापरावा असे तुम्हाला वाटले. दोन्ही यंत्रे एचडीएमआय केबलने जोडली, तरी लॅपटॉपवर काहीच उमटले नाही. केबल खराब आहे की लॅपटॉप, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही ठणठणीत असावेत. लॅपटॉपच्या कडेचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो, आत घेण्यासाठी नव्हे. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचा पोर्टही बाहेर पाठवण्यासाठीच असतो. म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना बोलणारेच बसले आहेत, ऐकणारा कोणीच नाही. आत येणाऱ्या एचडीएमआयची सोय असलेले काही मोजके गेमिंग लॅपटॉप पूर्वी निघाले होते, पण तुमचा त्यांतला असण्याची शक्यता फारच कमी आहे. एफएसएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरच्या दिवसांत मी स्वतः याच समजुतीपायी एका दुकानातून पाच मीटर लांबीची केबल आणली होती आणि ‘चालणार म्हणजे चालणारच’ अशी खात्री दुकानदाराने दिली होती. ती केबल पुढे टीव्हीला उपयोगी पडली.

लॅपटॉपवर नकाशा दिसावा यासाठी दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ त्या दोन्ही एकच समजल्यामुळे होतो. पहिल्या वाटेने डेस्कटॉप नकाशाचे चित्र तयार करतो आणि लॅपटॉप ते नुसते दाखवतो. दुसऱ्या वाटेने डेस्कटॉप केवळ विमानाचे अक्षांश, रेखांश, उंची, दिशा आणि वेग एवढे आकडे पाठवतो, आणि नकाशा काढण्याचे सगळे काम लॅपटॉप स्वतः करतो. १९२० बाय १०८० बिंदूंचे एक चित्र कच्च्या स्वरूपात सुमारे ६ मेगाबाइटचे होते. सेकंदाला ६० चित्रे धरली तर हा ओघ सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिटवर जातो. घरातल्या नेहमीच्या वायफायवर तो मावत नाही, म्हणून तो दाबून लहान करावा लागतो, आणि हे काम बहुधा त्याच ग्राफिक्स कार्डावर पडते जे आधीच सातपुड्याच्या डोंगररांगा रंगवताना घामाघूम झालेले असते. याउलट विमानाचा ठावठिकाणा म्हणजे काही थोडे आकडे. ते सेकंदातून काही वेळा पाठवले, तरी राउटरला त्याची जाणीवही होत नाही.

चित्र पाठवण्याच्या वाटेचे प्रकार लवकर सांगून टाकतो, कारण तुमच्या कामासाठी मी ती सुचवणार नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये लॅपटॉपला बिनतारी स्क्रीन बनवण्याची सोय आहे. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ‘प्रोजेक्टिंग टु धिस पीसी’ चालू करावे लागते, आणि विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून त्यासाठी ‘वायरलेस डिस्प्ले’ हा ऐच्छिक भाग वेगळा उतरवून घ्यावा लागतो. मग डेस्कटॉपवर विंडोज कळीबरोबर के दाबून लॅपटॉप निवडायचा आणि विंडोज कळीबरोबर पी दाबून ‘एक्सटेंड’ निवडायचे. त्यासाठी डेस्कटॉपमध्ये वायफाय असावे लागते, आणि इथेच अनेकांचे गाडे अडते. स्पेसडेस्क नावाचा प्रोग्राम हेच काम घरच्या नेटवर्कवरून करतो. त्याचा ड्रायव्हर डेस्कटॉपवर आणि दर्शक लॅपटॉपवर टाकावा लागतो. तिसरा उपाय यूएसबी कॅप्चर कार्डाचा आहे. हे लहानसे उपकरण ग्राफिक्स कार्डाला मॉनिटर असल्याचे भासवते आणि लॅपटॉपमध्ये वेबकॅमसारखे उघडते. तुमची केबल वाया जाऊ नये असेच वाटत असेल, तर ती वापरण्याचा हा एकमेव मार्ग आहे.

या तिन्ही प्रकारांत चित्राला थोडा उशीर होतो. गंमत अशी की नकाशापुरता हा उशीर बाधत नाही. सेसना १७२ हे छोटे विमान ११० नॉट, म्हणजे ताशी ११० सागरी मैल वेगाने उडत असेल, तर ते सेकंदाला सुमारे ५७ मीटर जाते. अर्ध्या सेकंदाच्या उशिरात नकाशावरचे विमान तीसेक मीटर मागे दिसेल, आणि अख्खा तालुका मावणाऱ्या नकाशावर ते अंतर डोळ्याला कळतही नाही. अडचण उशिराची नसून ग्राफिक्स कार्डावरच्या भाराची आणि उंदराची, म्हणजे माउसची आहे. वाढवलेल्या स्क्रीनवर नकाशा सरकवण्यासाठी क्लिक केले की कीबोर्डचा ताबा सिम्युलेटरकडून नकाशाकडे जातो, आणि पंखांचे फ्लॅप खाली करण्यासाठी दाबलेली कळ नकाशाच्या खिडकीत जाऊन पडते. उतरण्याच्या अंतिम टप्प्यावर असताना एकदा हे घडले की माणूस ही वाट आपणहून सोडतो. स्वतंत्रपणे चालणाऱ्या लॅपटॉपचा कीबोर्ड आणि माउस त्याचे स्वतःचे असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.

चित्र पाठवणे योग्य ठरते ते विमानाची उपकरणे वेगळ्या स्क्रीनवर काढायची असतील तेव्हा. फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये उजवी ऑल्ट कळ धरून जी १००० या विमानातल्या डिजिटल उपकरणाच्या पडद्यावर क्लिक केले की तो पडदा वेगळ्या खिडकीत निघतो आणि दुसऱ्या स्क्रीनवर नेता येतो. तिथे उशीर खरोखर जाणवतो, आणि अशी प्रत्येक खिडकी फ्रेमचा वेग खाली ओढते. त्या कामासाठी लॅपटॉपशी झटापट करण्यापेक्षा एखादा जुना मॉनिटर थेट ग्राफिक्स कार्डाला जोडावा.

आता मुख्य वाट. लिटल नॅवमॅप हा मोफत आणि मुक्त स्रोत असलेला नकाशा प्रोग्राम लॅपटॉपवर टाका, आणि त्याच्याच लेखकाचा लिटल नॅवकनेक्ट हा छोटा प्रोग्राम डेस्कटॉपवर टाका. एफएसएक्सबरोबर २००६ मध्ये आलेली सिमकनेक्ट नावाची सोय, जी इतर प्रोग्रामना सिम्युलेटरमधली माहिती देते, आजही मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये आहे. नॅवकनेक्ट तिच्यातून विमानाचे आकडे उचलतो आणि नेटवर्कवर ठेवतो. लॅपटॉपवरचा नॅवमॅप ते घेतो आणि नकाशावर पिवळे विमान उभे करतो. सिमकनेक्ट नेटवर्कवरून थेटही वापरता येते, पण त्यासाठी दोन्हीकडच्या फायली हाताने लिहाव्या लागतात. एके काळी मी त्यात दोन रविवार घालवले आहेत, तुम्ही घालवू नयेत. दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी उतरवलेले, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्तीचे असावेत, कारण एक जुना आणि एक नवा असल्यास ते एकमेकांना नाकारू शकतात.

नॅवकनेक्ट सुरू केला की तो आपल्या खिडकीत डेस्कटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि पोर्ट क्रमांक दाखवतो. पत्ता साधारण १९२.१६८.१.५ अशा धर्तीचा असतो आणि पोर्ट मुद्दाम बदलला नसेल तर ५१९६८ असतो. लॅपटॉपवर नॅवमॅपच्या टूल्स यादीतून सिम्युलेटरशी जोडणीची खिडकी उघडा, नेटवर्कवरच्या दूरच्या संगणकाशी जोडण्याचा भाग निवडा आणि तेच दोन आकडे तिथे लिहा. (ते इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात, मराठी कीबोर्ड चालू राहिल्यामुळे अर्धा तास घालवलेले गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत.) आपोआप जोडणी करण्याची खूणही तिथेच करून ठेवा, म्हणजे रोज तेच करावे लागणार नाही.

जोडणी झाली नाही तर प्रोग्रामला दोष देण्याआधी नेटवर्क पाहावे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा दोष विंडोजच्या फायरवॉलचा असतो. नॅवकनेक्ट पहिल्यांदा उघडताना विंडोज परवानगी विचारते, आपण घाईत ‘रद्द’ दाबतो, आणि तो नकार कायमचा नोंदला जातो. फायरवॉलच्या परवानगी यादीत जाऊन नॅवकनेक्टपुढची खूण तपासा, आणि घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ नसून ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले आहे याचीही खात्री करा, कारण सार्वजनिक नेटवर्कवर विंडोज बाहेरून आलेल्या प्रत्येकाला दारातूनच परत पाठवते. लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग करून, म्हणजे नेटवर्कवर हाक मारून उत्तर येते का ते पाहणे ही सर्वांची सवय असते. पण विंडोज पिंगला मुळातच उत्तर देत नसेल, तर तेवढ्यावरून जोडणी नाही असा निष्कर्ष काढू नये. दुसरे कारण पाहुण्यांच्या वायफायचे असते. लॅपटॉप राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या नावाला जोडलेला असेल, तर इंटरनेट व्यवस्थित चालते, मात्र घरातली यंत्रे एकमेकांना दिसत नाहीत. तिसरे कारण दुसऱ्या दिवशी उगवते: राउटर डेस्कटॉपला नवा पत्ता देतो आणि काल चाललेली जोडणी आज चालत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपसाठी पत्ता राखून ठेवला की ही कटकट कायमची संपते.

राउटरच नसेल तरीही काम होते. दोन्ही यंत्रांच्या लॅन पोर्टांमध्ये साधी नेटवर्क केबल थेट लावावी. गिगाबिट पोर्टांना उलटसुलट तारांची खास केबल लागत नाही. दोन्हीकडे हाताने पत्ते द्यावेत, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.१०.२, आणि मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा. पत्ते दिले नाहीत तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेते. त्यांवरही जोडणी होऊ शकते, पण ते कधी बदलतील याचा नेम नसतो.

आता एक बारकावा, जो न पाळल्यामुळे चांगली जोडणीही खोटी वाटू लागते. लिटल नॅवमॅपबरोबर विमानतळांची आणि मार्गबिंदूंची जी माहिती मुळात येते, ती तुमच्या सिम्युलेटरमधल्या माहितीशी तंतोतंत जुळेलच असे नाही. त्यामुळे सिम्युलेटरमध्ये विमान धावपट्टीच्या मधोमध उभे असते आणि नकाशावर ते बाजूच्या गवतात उभे दिसते. यावर उपाय म्हणजे नॅवमॅप एकदा डेस्कटॉपवरही टाकायचा, त्याच्याकडून सिम्युलेटरच्या सीनरीचा डेटाबेस वाचून घ्यायचा आणि तो डेटाबेस पेनड्राइव्हने लॅपटॉपवर न्यायचा. डेटाबेसचा फोल्डर ‘लिटल नॅवमॅप डीबी’ या नावाचा असतो, आणि नक्कल करताना दोन्हीकडचा नॅवमॅप बंद असावा. सिम्युलेटरमध्ये नवा विमानतळ जोडला की हे पुन्हा करावे लागते. खान्देशातील एखादी लहान धावपट्टी डेटाबेसमध्ये नसेल, तर नॅवमॅपमध्ये स्वतःची खूण उमटवण्याची सोय आहे; तिला नाव देऊन ती उड्डाण आराखड्यात घेता येते.

तुमचा लॅपटॉप फारच रखडत असेल तर हीच वाट उलटी करता येते. नॅवमॅप डेस्कटॉपवर चालवायचा आणि त्यातला वेब सर्व्हर सुरू करायचा. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉपचा आयपी पत्ता, त्यापुढे दोन टिंबांचे चिन्ह आणि ८९६५ हा पोर्ट लिहिला की नकाशा ब्राउझरमध्येच उघडतो. लॅपटॉपवर काहीही टाकावे लागत नाही, डेटाबेसची नेआण नाही, आणि लॅपटॉपवर लिनक्स असले तरी अडत नाही. मोबाइलवरसुद्धा हाच पत्ता चालतो. त्याची किंमत एवढीच की नकाशाचा भार थोडासा डेस्कटॉपवर येतो आणि ब्राउझरमधल्या नकाशात मूळ प्रोग्रामइतक्या सोयी नसतात. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर मी आधी पूर्ण नॅवमॅप टाकून पाहीन आणि तो अडखळला तरच या उपायाकडे वळेन.

पुढेमागे तुम्ही एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरकडे वळलात, तर तिथे सिमकनेक्ट नाही. त्याच्या प्लगइन फोल्डरमध्ये लिटल एक्सपीकनेक्ट टाकावा लागतो, आणि दुसऱ्या संगणकासाठी नॅवकनेक्ट त्याच्याच जोडीला चालतो. बाकी सारे जसेच्या तसे.

विमानतळांच्या चार्टसाठी अनेक जण नॅव्हिग्राफची वर्गणी भरतात. त्याचे चार्ट ब्राउझरमध्ये दिसतात आणि डेस्कटॉपवर सिमलिंक हा छोटा प्रोग्राम ठेवला की चार्टवर विमान सरकताना दिसते. सोय उत्तम आहे, पण तुमच्या टप्प्यावर वर्गणी भरण्याची गरज मला दिसत नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरण एआयपी इंडिया, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत माहितीपुस्तिका, इंटरनेटवर खुली ठेवते. त्यातले चार्ट पीडीएफ म्हणून उतरवून लॅपटॉपवर नकाशाशेजारी उघडता येतात, आणि त्यासाठी कोणतीही जोडणी लागत नाही. विमानचालनाच्या माहितीतले बदल २८ दिवसांच्या फेऱ्यांनी लागू होतात. प्रत्यक्ष उड्डाणासाठी जुना चार्ट कधीही चालत नाही, हा नियम सिम्युलेटरवरच अंगवळणी पडलेला बरा.

नकाशाचा प्रकार निवडताना खान्देशात मी ओपनटोपोमॅप वापरतो, कारण त्यात समोच्च रेषा आणि डोंगरांची छटा दिसते. तापीच्या सपाट खोऱ्यात तिचा उपयोग फारसा नाही. पण शहाद्याच्या पुढे तोरणमाळकडे वळलात की जमीन किती वेगाने वर येते, हे साध्या रस्त्यांच्या नकाशावर मुळीच कळत नाही. हे नकाशे इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी येतात आणि एकदा पाहिलेले तुकडे लॅपटॉपवर साठून राहतात. त्यामुळे उड्डाणाआधी सगळा मार्ग एकदा मोठा करून सरकवत पाहून घ्यावा, म्हणजे मध्येच इंटरनेट गेले तरी नकाशा पांढरा पडत नाही. विजेचेही तसेच आहे. भारनियमनात डेस्कटॉप यूपीएसवर तग धरतो, लॅपटॉपला त्याची बॅटरी असते, आणि राउटर मात्र भिंतीतल्या प्लगवर असल्यामुळे बंद पडतो. विमान चालू आणि नकाशावर ते गोठलेले, असे दृश्य दिसते. राउटरची पिनही यूपीएसमध्येच लावा. मे महिन्यात लॅपटॉप गादीवर किंवा डेस्कटॉपच्या गरम वाऱ्यासमोर ठेवू नका; पारा ४५ अंशांपर्यंत चढतो त्या दिवसांत जुना लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि आपण उगाच नेटवर्कवर संशय घेत बसतो. पॉवर सेटिंगमध्ये स्क्रीन आपोआप बंद होणे आणि झोपी जाणे, हे दोन्ही ‘कधीच नाही’ वर ठेवावे.

लॅपटॉप मॉनिटरच्या शेजारी त्याच उंचीवर न ठेवता थोडा खाली आणि उजव्या हाताला ठेवावा, असे माझे मत आहे. खऱ्या विमानात नकाशा मांडीवर असतो. तो पाहण्यासाठी नजर खाली न्यावी लागते आणि लगेच परत बाहेर आणावी लागते. ती सवय इथेच लागते. दोन कीबोर्डांना टेबलावर जागा नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधील ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ वापरून एकाच माउसने दोन्ही यंत्रे हाताळता येतात. मात्र कीबोर्डच्या ताब्याचा वर सांगितलेला घोळ त्यामुळे पुन्हा घरात येतो, म्हणून मी तो वापरत नाही.

आता जे तुम्ही विचारलेले नाही, पण विद्यार्थी म्हणून तुम्हाला सांगणे मला आवश्यक वाटते. नकाशावर सरकणारे विमान ही मोठी चैन आहे आणि शिकणाऱ्याला ती आळशी बनवते. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत किमान ३०० सागरी मैलांचे एक लांब उड्डाण असते. घरच्या सिम्युलेटरवरचे तास त्यात धरले जात नाहीत. तेव्हा इथून न्यायची गोष्ट एकच, जमीन पाहून आपण कुठे आहोत हे ओळखण्याची सवय. नॅवमॅपच्या व्ह्यू यादीतून विमानाची आणि त्याच्या मागावरच्या रेषेची खूण लपवता येते. जोडणी चालू राहू द्या, पण ही दोन्ही चिन्हे दडवा, म्हणजे लॅपटॉप पुन्हा कागदी नकाशा होतो.

पहिला सराव जळगाव ते धुळे करा. जळगाव विमानतळापासून धुळ्याजवळच्या गोंदूरची धावपट्टी जवळजवळ थेट पश्चिमेला, सुमारे ५० सागरी मैलांवर आहे. ११० नॉटने वारा नसताना अर्ध्या तासाहून थोडा कमी वेळ लागतो. शहर मागे पडले की बांभोरीजवळ गिरणेचे रुंद पात्र ओलांडावे लागते, आणि तिथे पहिली वेळ कागदावर लिहायची. त्यानंतर सुरत–भुसावळ लोहमार्ग उजवीकडे धरणगाव, अमळनेरच्या दिशेने दूर जात राहतो आणि महामार्ग एरंडोल, पारोळा असा पुढे जातो. पारोळ्याला दुसरी वेळ लिहायची, तिच्यावरून जमिनीवरचा वेग काढायचा आणि पांझरा नदी केव्हा दिसेल हे आधी लिहून मगच शोधायची. दिशेत ५ अंशांची चूक राहिली तर ५० मैलांत विमान ४ मैलांहून अधिक बाजूला जाते. उजवीकडे वाट चुकला असाल, तर लोहमार्ग अपेक्षेपेक्षा जवळ दिसू लागतो, आणि डावीकडे चुकला असाल तर महामार्ग उजव्या पंखाखाली जाऊन तिथेच राहतो.

उतरल्यावर, इंजिन बंद केल्यानंतरच, मागाची रेषा नकाशावर पुन्हा दाखवा आणि आपण लिहिलेल्या वेळांच्या जागा तिच्याशी ताडून पाहा. पहिल्या दोन-तीन उड्डाणांत पारोळा समजून तुम्ही दुसऱ्याच गावाची वेळ लिहिली असण्याचा संभव बराच आहे. माझी पहिली तीन उड्डाणे तशीच झाली होती.